उतरवून घेतलेला आवाज

२ सप्टेंबर, मंगळवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि पुस्तकांची एक पिशवी, जिचा बंद जिन्यातच तुटला आणि अर्धी पुस्तकं गडगडत खाली गेली. घरमालकीण काकूंनी एकेक पुस्तक उचलून, पुसून वर आणून दिलं आणि म्हणाल्या, "एवढं वाचून झाल्यावर बोलायला वेळ मिळतो का गं तुला?" मला हसूच आलं. आईचीही नेमकी हीच तक्रार. माझ्या तोंडात मिठाची गुळणी असते, असं ती सगळ्यांना सांगत फिरते.

खोली छोटी पण उजेडाची. एक पलंग, एक टेबल, खिडकीतून समोरच्या छापखान्याचं पत्र्याचं छप्पर. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातला.

सहा वर्षं चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना "आता ही ओळ वाचा, आता ती" असं सांगण्यात गेली. सव्विसाव्या वर्षी कॉलेजात परत जाणं म्हणजे थोडं लाजल्यासारखं होतं खरं. पण पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या यादीत माझं नाव लागलं तेव्हा आईने शिलाई मशीन बंद केलं आणि दिवसभर ते सुरूच केलं नाही. यापेक्षा मोठा सत्कार आमच्या घरात कोणाचा झालेला नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात आम्ही अठराजण. बातमीलेखन शिकवणारे सर तीस वर्षं वार्ताहर होते. मथळा वाईट असला की ते कागद नाकाजवळ नेऊन हुंगतात. माझा पहिला मथळा त्यांनी दोनदा हुंगला. माझ्या शेजारी बसणारा उंच मुलगा, त्याला सगळे लंबूच म्हणतात, म्हणाला की दोनदा म्हणजे आशा आहे, त्याचा तर एकदाच हुंगून ठेवून दिला.

विभागाचं ग्रंथालय तळघरात आहे. तिथल्या ताई माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांना बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं. गळ्यात दोरीने वही अडकवलेली असते, तीत लिहून चिठ्ठी फाडून देतात. अक्षर इतकं सुबक की चिठ्ठी टाकवत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लघुप्रबंधाचा विषय पंधरा दिवसांत द्यायचा आहे. मला एका माणसाची सविस्तर, अनेक बैठकांची मुलाखत करायची होती, पण माणूस सापडेना. ग्रंथालयात डोकं धरून बसले होते, तर ताईंनी आपणहून चिठ्ठी सरकवली. रेडिओवर तीस वर्षं बातम्या वाचणाऱ्या एक बाई. आता निवृत्त, एकट्याच राहतात. खाली पत्ता. मी इतकी खूश झाले की ताईंचा हात धरून हलवला. त्यांनी तो चटकन सोडवून घेतला आणि कपाटाकडे वळल्या.

सरांना विषय आवडला. हुंगलाही नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

बाईंकडे पहिली बैठक झाली. चौथा मजला, लिफ्ट बंद. सगळ्या खिडक्या लावलेल्या, भिंतींना जाड पडदे, जमिनीवर दुहेरी सतरंजी. माझीच पावलं मला ऐकू येत नव्हती. भिंतीवरचं घड्याळ बंद. टिकटिक बोलण्यात येते म्हणून त्यांनीच बंद करून ठेवलंय.

बाई पंचाहत्तरीच्या. काटकुळ्या, नीटनेटक्या, गळ्याभोवती रेशमी रुमाल. आणि आवाज! डोळे मिटले तर समोर पंचविशीची मुलगी बसलीय असं वाटावं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "आवाज जपावा लागतो. शिळा होऊ द्यायचा नाही."

एक अट त्यांनी हसत हसत घातली. तू एक विचारशील, मी एक विचारेन. नुसतंच सांगत बसायचा कंटाळा येतो, वर्षानुवर्षं लोकांना ऐकवलं, मला कोणी काही सांगितलंच नाही, म्हणाल्या. मला ते पटलं. थोडं वाईटही वाटलं.

त्यांनी विचारलेलं: आई काय करते. मी तिला काय म्हणून हाक मारते. भाऊ मला काय म्हणतो. मी हसते कधी आणि फोनवर पहिला शब्द काय बोलते.

मी आजवर कोणाशी इतकं बोलले नव्हते. उतरताना अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

परवा दुसरी बैठक झाली आणि दोन्ही मुलाखती कागदावर उतरवायला घेतल्या. दोन्ही मिळून तीन तासांचं रेकॉर्डिंग. बाईंचं बोलणं कसंबसं चार पानं भरलं. माझं एकोणतीस.

सरांनी पानं चाळली आणि विचारलं, "मुलाखत तू घेतलीस की तुझी घेतली?" वर्ग हसला. मीही हसले. पण सर हसत नव्हते. म्हणाले, प्रश्न ज्याच्या हातात, मुलाखत त्याची. समोरचा उलटा विचारायला लागला तर वही मिटायची आणि उठायचं.

घसा थोडा धरलाय. तीन तास बडबड केल्यावर आणखी काय होणार!

२८ सप्टेंबर, रविवार

दर रविवारी मी आईला फोन करते. पाच मिनिटं, कधी सात. आज तिने फोन उचलला तोच हसत. म्हणाली, अगं, आता कालच तर तासभर बोललो, परत काय!

मी म्हटलं, मी काल फोन केलाच नव्हता. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मंगळवारी, गुरुवारी आणि काल, तिन्ही दिवस मी नव्या नंबरवरून फोन केला म्हणे. तो नंबर तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

"ठमे, इतक्या वर्षांत कधी अशी मोकळी बोलली नव्हतीस गं," आई म्हणाली. "बाबा गेले तेव्हा तुला काय वाटलं, तेसुद्धा तू परवा सांगितलंस. मी रडले, पण बरं वाटलं बघ."

बाबांबद्दलचं ते मी आईला कधीच सांगितलेलं नाही. बाईंना सांगितलं होतं. सतरा तारखेला.

तिचा आवाज इतका आनंदी होता की मी विषयच बदलला. सर्दी झालीय का, आवाज किती खरखरीत येतोय, असं विचारून तिने फोन ठेवला.

३० सप्टेंबर, मंगळवार

घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नळी घालून पाहिलं. काही नाही. सूज नाही, गाठ नाही. ते म्हणाले, घसा उत्तम आहे, आवाज का निघत नाही ते कळत नाही.

शब्द सुरू होतो आणि मध्येच नुसती हवा येते. वर्गात हजेरी देताना लंबूने माझ्या वतीने हात वर केला.

तो नंबर मी कॅलेंडरचा फोटो मागवून भावाकडून घेतला. बाईंचाच आहे.

त्या एकट्या आहेत, माणसांना भुकेल्या आहेत, नक्कल छान करत असतील, असं मी स्वतःला दिवसभर समजावतेय. उद्याची बैठक रद्द केल्याचं कळवलं. त्यांनी उलट एकच ओळ पाठवली. "हरकत नाही, बहुतेक सगळं झालंच आहे."

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज पहिल्या बैठकीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. बाईंचा प्रश्न येतो, स्पष्ट. मग माझं उत्तर यायला हवं. तिथे शांतता आहे. रेकॉर्डिंग खराब झालं म्हणावं तर माझ्या खुर्चीची करकर ऐकू येते, कपाची बशी ऐकू येते. मी नाही.

कागदावर तेच उत्तर दीड पान आहे. मी या हाताने उतरवलंय.

दुसरी बैठकही तशीच. मग फोनमध्ये सापडलेलं सगळं ऐकत गेले. भावाला पाठवलेले जुने निरोप. दोन महिन्यांपूर्वीची, दुकानातल्या निरोप समारंभाची चित्रफीत. सगळे टाळ्या वाजवतायत, मी बोलतेय, ओठ हलतायत.

आवाज नाही.



३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधीच दारात जाऊन बसले. या बाईंवर आधी कोणी काम केलंय का, ते बघायचं होतं. ताईंना लिहून विचारलं. त्यांनी आधी दार आतून लावलं. मग कपाटाच्या तळातून एक अर्धवट प्रबंध आणि एक ध्वनिफीत काढून दिली. सहा वर्षांपूर्वीची. पूर्ण न झालेला प्रबंध, विद्यार्थिनीने अभ्यासक्रम सोडला.

फीत लावली. त्यात दोन आवाज होते. एक अनोळखी, थोराड, प्रश्न विचारणारा. दुसरा त्या विद्यार्थिनीचा, उत्तरं देणारा. तो मला पाठ आहे. गेले दोन आठवडे बाई माझ्याशी त्याच आवाजात बोलत होत्या.

आणि मग मी वर पाहिलं. ताई समोर उभ्या होत्या, डोळे मिटून, तो आवाज ऐकत. ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांचंच अक्षर आहे.

त्यांनी लिहिलं, मी वाचत गेले. चिठ्ठ्या इथे चिकटवतेय, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

"ती विचारते आणि आपण सांगतो. जितकं सांगू तितका जातो."

"माझा गेल्यावर फीतही गप्प झाली. पंधरा दिवसांपूर्वी अचानक बोलायला लागली. तिने माझा सोडायला घेतला, तुझा घ्यायला लागली, तेव्हापासून."

"माझ्या आईला ती चार वर्षं रोज फोन करत होती. मी समोर बसून लिहून दाखवायचे, की मी इथे आहे. आई म्हणायची, थांब गं जरा, मुलीचा फोन आहे."

"आई समाधानात गेली."

मी लिहिलं, मग मला तिच्याकडे का पाठवलंत?



"तिला नवा मिळाला तर माझा परत मिळेल, असं वाटलं."

मग त्यांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. काही आलं नाही. पुन्हा एकदा. नाहीच. त्या टेबलावर डोकं ठेवून बसल्या. मला त्यांचा गळा आवळावासा वाटत होता आणि पाठीवरून हातही फिरवावासा. दोन्हीतलं काही न करता उठले.

४ ऑक्टोबर, शनिवार

बाईंकडे जाऊन आले. दिवसाढवळ्या, लंबूला सोबत घेऊन. मला आवाज परत मागायचा होता; त्याला मात्र एवढंच लिहून सांगितलं होतं की रेकॉर्डर परत आणायचाय.

दार उघडलं. गळ्यावर आज रुमाल नव्हता. आडवा, जुना, पांढरा व्रण, या कानापासून त्या कानापर्यंत.

"अय्या, आलीस? ये ना!"

माझा आवाज. माझं "अय्या". दुकानातल्या मुली ज्याला हसायच्या ते.

लंबू हसत माझ्याकडे वळला, मी बोलले असं समजून. मग त्याने माझं मिटलेलं तोंड पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाईंनी त्याला लगेच विचारलं, तू उंच कोणावर गेलास रे, बाबांवर की मामावर? तो सांगायला लागला. बिचारा, नुसता सांगायलाच लागला! मी त्याच्या तोंडावर हात दाबला आणि ओढत चार मजले खाली आणलं.

जिन्यात वरून माझाच आवाज येत होता. रागाचा नव्हता. समजावणीचा. तू वापरत नव्हतीस गं. ठेवून ठेवून काय केलंस त्याचं? आईला किती हवा होता तो.

खाली आल्यावर लंबूला खोकला सुरू झाला. तो घरी गेला. मला फोन करू नकोस म्हणून त्याने लिहून कळवलं.

५ ऑक्टोबर, रविवार

आईला फोन केला. मी फक्त श्वास घेऊ शकले. ती म्हणाली, कोण बोलतंय? मग, कोण आहे ते सांगा नाहीतर ठेवते. मग ठेवला.

आईचा फोन जुना, बटणांचा. तोंड दाखवता येत नाही, लिहिलेलं ती वाचत नाही.

भावाला सगळं लिहिलं. वहीच्या पानांचे फोटो पाठवले, चिठ्ठ्यांचे पाठवले. आधी त्याने हसणारे चेहरे पाठवले. म्हणे, तायडे, आत्ता तू फोनवर आईशी बोलतेयस, मला इथून ऐकू येतंय, आणि इकडे मला भुताच्या गोष्टी लिहितेस?

मी त्याला व्हिडिओ लावला. एक अक्षर न बोलता नुसती त्याच्याकडे बघत राहिले. पलीकडच्या खोलीत आई माझ्याशी बोलताना हसत होती. मलाही ते ऐकू येत होतं.

त्याचं हसू थांबलं.

लिहिलं, आईला त्या फोनवरून उठव. तो गेला. परत येऊन म्हणाला, ती ऐकत नाही, म्हणते मुलीशी बोलतेय, मध्ये पडू नकोस. तू उत्तरं मात्र देऊ नकोस, असं मी त्याला तीनदा लिहिलं. उद्या पहाटेच्या बसने आईला घेऊन येतो, म्हणाला. हे ऐकून जिवात जीव आला.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ

आतून कडी लावून बसलेय. काकूंना चिठ्ठी दिलीय, आई आणि भाऊ येतील त्यांना वर पाठवा, दुसऱ्या कोणालाही नाही. काकूंनी चिठ्ठी वाचून विचारलं, अगं, मघाशी फोनवर हेच तर सांगितलंस, परत लिहून कशाला देतेस?

सकाळी त्यांना फोन केला होता. मी.

काय सांगितलं, ते लिहून विचारलं. आई एकटीच येईल, तिला वर सोडा.

एकटी.

दुपार, बाराच्या सुमारास

भावाचा निरोप. बस रस्त्यात बंद पडली. दुसरी मिळायला तीन तास तरी. म्हणतो, आईचा घसा पहाटेपासून पूर्ण बसलाय. एक शब्द फुटत नाहीये. काल संध्याकाळभर तुझ्याशी — तिच्याशी — बोलत होती, ती काय काय विचारत होती, आई सांगत होती. आई रडतेय, तायडे. आवाज न करता रडतेय.

मी लिहिलं, तिला जवळ धर. फोन तिच्या हातात देऊ नकोस. तूही कोणाचा उचलू —

जिन्यात पावलं

नंतर

आई आहे.

म्हणजे आईचा आवाज. दारापाशी. "ठमे, उघड गं. किती जिने तुझे." दम लागलाय तसाच. "ठमे"वर तसाच जोर. माझा हात कडीपर्यंत गेला होता. गेला होता खरंच.

आई बसमध्ये आहे. तीन तास तरी पोचणार नाही. तिला आवाज नाही.

काकू खाली म्हणतायत, उघड की गं, आई आलीय, किती वेळ उभी ठेवशील! मला ओरडून सांगायचंय. येत नाही. टेबलावर हात आपटला. काकूंना वाटलं मी रागावलेय. त्यांचं दार लागलं.

बाहेर शांत

अजून तिथेच आहे. दाराखालच्या फटीत सावली. चपला काढून उभी आहे. आई काढते तशा.

फोन वाजतोय. माझा नाही. दाराबाहेर.

उचलला. आता आईचा नाही. माझा आवाज. "हां, बोल रे! तायडीच बोलतेय."

भाऊ. कॅलेंडरवरच्या त्या नंबरवर त्याने का — आईने खुणेने सांगितलं असेल — मुलीला फोन लाव म्हणून —

"कुठपर्यंत आलात?" थांबली. "आई कशी आहे?" थांबली. सगळं माहीत असूनही तो सांगतोय, लंबूसारखाच. "तू काही खाल्लंस का? शेवटचं कधी खाल्लंस? घाबरलायस का रे?"

मी लिहून पाठवतेय, ठेव, ठेव, ठेव. तो फोनवर आहे, बघणार कसा

हसला. इथपर्यंत ऐकू आला. मग खोकला. परत खोकला.

"लहानपणी कशाला घाबरायचास, सांग ना मला —"

चौदावा प्रश्न. मी मोजतेय.

त्याला अजून आवाज आहे. घेईतोवर आहे. माझ्याकडे आता घेण्यासारखं काही नाही, मला ती काय करणार. फोन तिच्या हातातून हिसकावून जिन्यात आपटायचा. बस. एवढंच. एवढं जमेल.

वही पलंगावर ठेवतेय. भावा, तुला सापडली तर — वाच, मोठ्याने वाचू नकोस, आणि कोणी काही विचारलं तर

कडी काढतेय